सापाची, पालीची आणि वाघाच्या हाडांची दारू : औषध, परंपरा की देखावा?

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. येत्या हिवाळ्यात आम्ही घरातले काही जण उत्तर व्हिएतनामला जात आहोत. हनोईच्या जुन्या बाजारपेठेत तांदळाच्या दारूत फणा उभारलेल्या अवस्थेत बुडवलेला नाग, त्याच्या तोंडात विंचू आणि तळाशी कसल्याशा मुळ्या अशा बाटल्या दुकानोदुकानी मांडलेल्या असतात, हे आपल्यापैकी अनेकांनी छायाचित्रांत पाहिले असेल. साताऱ्याच्या माझ्या मामांना सांधेदुखीचा जुना त्रास आहे. या दारूने गुडघे सुधारतात असे त्यांच्या परिचितांनी सांगितल्यामुळे त्यांनी एक बाटली आणण्याची गळ घातली आहे.

त्यांना होकार किंवा नकार देण्यापूर्वी मला हा विषय मुळापासून समजून घ्यायचा आहे. दारूत प्राणी मुरवण्यामागे त्या लोकांची नेमकी धारणा कोणती, अशी दारू पिणे कितपत सुरक्षित आहे आणि ती भारतात आणता येते का, हे माझे प्रश्न आहेत. जी गोष्ट इतकी शतके टिकली, तिला एका शब्दात अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. तरीही त्या बाटल्यांची मांडणी पाहिली की औषधापेक्षा प्रदर्शनाचाच भाग जास्त वाटतो. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

हनोईस्थित

पाऊलवाट, मी कामानिमित्त बरीच वर्षे येथे राहतो. तुम्ही म्हणता त्या बाटल्या आणि येथील घरांतली औषधी दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी सांगायला हवे.

येथे औषधी दारूला ‘रुओउ थुओक’ म्हणतात आणि तिच्यात सापाची दारू, म्हणजे ‘रुओउ रान’, हा एक लहानसा प्रकार आहे. मध्यमवर्गीय घरात काचेच्या मोठ्या बरण्या असतात आणि त्यांपैकी बहुतेकींत जिनसेंगची मुळे, रानकेळ्याच्या बिया किंवा जंगली फळे मुरत असतात. एखाद्या बरणीत टोके जातीची मोठी पाल, समुद्रघोडे किंवा साप असतो. साप घालायचा असेल तर एक घालण्याऐवजी तीन किंवा पाच एकत्र घालण्याची पद्धत जुनी आहे. तिघांच्या संचात सहसा नाग, पट्टेरी मण्यार आणि आपल्या धामणीच्या कुळातला एक साप असतो. यासाठी तांदळाची दारू नेहमीपेक्षा कडक घेतात आणि बरणी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, तशीच ठेवतात. घरातले वयस्क पुरुष जेवणाबरोबर अंगठ्याएवढ्या पेल्यातून ती घेतात. बाजारातली ती लहान, देखणी बाटली मला येथील कोणाच्याही घरात जेवणाच्या वेळी बाहेर निघालेली दिसलेली नाही.

हनोईच्या लाँग बिएन भागात ले मात नावाचे गाव सापांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील दंतकथा अशी की, ली घराण्याच्या काळात एक राजकन्या दुओंग नदीत बुडाली आणि त्या गावच्या एका तरुणाने पाण्यातल्या महासर्पाशी झुंजून तिचा देह वर आणला. राजाने बक्षीस देऊ केले, तेव्हा त्याने सोनेनाणे नाकारून राजधानीच्या पश्चिमेची पडीक जमीन गावच्या गरिबांना कसायला मागितली आणि त्यातून तेरा वाड्या वसल्या. चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यातील तेविसाव्या दिवशी गावात या कथेचा उत्सव होतो आणि त्यात सर्पनृत्य असते. पुढे हेच गाव साप पकडण्यासाठी, पाळण्यासाठी आणि रांधण्यासाठी ओळखले जाऊ लागले. येथील खानावळींत सापाचे रक्त एका पेल्यात आणि पित्त दुसऱ्या पेल्यात दारूबरोबर मिसळून पाहुण्यांना देतात. हे मी पाहिले आहे आणि आग्रह होऊनही घेतलेले नाही.

चाफेकळी

उत्तम माहिती. जमीन मागणाऱ्या त्या तरुणाची कथा फार आवडली. उरलेल्या प्रश्नांच्या उत्तरांची वाट पाहत आहे.

सर्पसखा

मी सांगली जिल्ह्यात साप पकडून सुरक्षित अधिवासात सोडण्याचे काम करतो, त्यामुळे या विषयाकडे मी प्रथम सापाच्या बाजूने पाहतो, हे आधीच स्पष्ट करतो.

बाटलीत दिसणारा प्रत्येक साप नाग नसतो. व्हिएतनामच्या सर्पमद्य व्यवसायावर रुचिरा आणि निलुषा सोमवीरा यांचा एक अभ्यास २०१० साली आपल्या कोइमतूरहून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक वापर आढळला तो आपल्या पाणदिवडीच्या अगदी जवळच्या नातलगाचा. हा साप बिनविषारी आहे आणि भातखाचरांत, पाणथळीत मुबलक असतो. मानेची त्वचा ताणून बसवली की अननुभवी माणसाला ती फणा वाटते. म्हणजे गिऱ्हाईक नागाचे पैसे मोजते आणि घरी पाणदिवड नेते. भातशेतीत उंदीर आणि बेडूक यांच्या साखळीत या सापांचे स्थान काय असते, ते आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. अनेक ठिकाणी साप जिवंतपणीच दारूत बुडवतात. सापाची चयापचय क्रिया मंद असते आणि कमी प्राणवायूवर तो सस्तन प्राण्यापेक्षा पुष्कळ अधिक काळ तग धरू शकतो. याचाच अर्थ त्याचे मरण लांबते. बाटलीच्या झाकणातून हवा शिरत राहिली तर काय होईल, याविषयी चीनमध्ये अधूनमधून बातम्या येतात. हेइलोंगजियांग प्रांतात दारूत तीन महिने ठेवलेला साप झाकण उघडताच एका महिलेला चावला, अशी बातमी २०१३ साली जगभर छापून आली होती. तीन महिन्यांचा तपशील मला जीवशास्त्राच्या दृष्टीने अवघड वाटतो, पण झाकण उघडताना हात जपावा, एवढा बोध त्या बातमीतून नक्कीच घ्यावा.

निशिगंध

मी पुण्यात वैद्यकीय व्यवसाय करते. पाऊलवाट यांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नावर लिहिते.

सापाचे विष प्रामुख्याने प्रथिनांचे बनलेले असते. कडक अल्कोहोलमध्ये प्रथिनांची घडी विसकटते आणि त्यांची क्रिया बरीचशी नष्ट होते. शिवाय विष रक्तात शिरले तर मारते, जठरात गेले तर इतर प्रथिनांप्रमाणे त्याचे पचन होते. त्यामुळे पुरेशा कडक दारूत दीर्घकाळ मुरलेल्या सापाच्या विषाने माणूस दगावण्याची शक्यता कमी असते. कमी म्हणजे शून्य नव्हे. तोंडात, अन्ननलिकेत किंवा जठरात जखम असेल तर हिशेब बदलतो. सर्पमद्य प्यायल्यानंतर रक्त गोठण्याची प्रक्रिया गंभीरपणे बिघडलेल्या रुग्णाची नोंद कोरियातील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात केलेली आहे. ताजे रक्त आणि पित्त पिण्याविषयी तर माझे मत अगदी ठाम आहे. सापाच्या शरीरात परजीवींच्या अळ्या असतात आणि त्या माणसाच्या शरीरात घर करू शकतात, म्हणून हनोईस्थित यांनी नकार दिला ते योग्यच केले.

मला खरी भीती सापापेक्षा दारूची वाटते. कोणत्या भट्टीतून आली, कोणी तपासली, याचा पत्ता नसलेल्या मद्यात मिथेनॉल असू शकते. यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते, दृष्टिपटलाची नस जळते आणि उपचार वेळेवर मिळाले नाहीत तर मृत्यू येतो. व्हिएतनाममधील लाय चाउ प्रांतात २०१७ साली एका अंत्यविधीच्या जेवणात अशा दारूने अनेकांचे प्राण गेले. शेजारच्या लाओसमधील वांग व्हिएंग येथे नोव्हेंबर २०२४ मध्ये सहा परदेशी पर्यटक मिथेनॉलच्या विषबाधेने मरण पावले. मुंबईकरांना हे दूरचे वाटू नये. मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तीही याच रसायनाने. बाटलीत साप पाहिल्यावर आपली सगळी भीती सापावर खर्च होते आणि द्रवाकडे दुर्लक्ष होते.

बखरवाचक

धारणेचा प्रश्न मागे पडू नये म्हणून चीनच्या वैद्यकपरंपरेविषयी थोडे लिहितो, कारण व्हिएतनाम, कोरिया आणि जपान येथील पद्धतींवर तिची गडद छाया आहे.

त्या परंपरेत सांधेदुखी, बधिरता आणि लकवा हे ‘वारा’ शरीरात शिरल्याने होणारे विकार मानले जातात. आपल्या वातविकारांच्या कल्पनेशी याचे साम्य चटकन जाणवते. साप वळवळतो, बिळात आणि फटीत सहज शिरतो, म्हणून त्याचा गुणही शरीराच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचून तो वारा बाहेर काढेल, असे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. दारू ‘उष्ण’ मानलेली असल्यामुळे ती औषधाला वाहून नेणारे अनुपान ठरते. सोळाव्या शतकातील वैद्य लि शिचेन यांनी १५७८ साली पूर्ण केलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १५९६ साली छापल्या गेलेल्या औषधिकोशात साप आणि औषधी मद्ये या दोहोंची चर्चा आहे. त्यांचे मूळ गाव ज्या छीचौ परगण्यात होते, तेथील पांढऱ्या ठिपक्यांचा विषारी साप औषधासाठी नावाजलेला होता.

परंतु या औषधाची किंमत कोण मोजत होते, हेही पाहावे. चीनच्या थांग घराण्याच्या काळातील लेखक ल्यू त्सुंगयुआन यांनी युंगचौ येथील हद्दपारीत असताना तेथील सर्पपारध्यांवर एक निबंध लिहिला. राजवैद्यांसाठी वर्षाला दोन विषारी साप दिले की त्या घराचा शेतसारा माफ होत असे. निबंधातल्या पारध्याचा आजा आणि बाप दोघेही साप पकडताना मेलेले असतात. तुला या कामातून सोडवून पुन्हा सारा लावून देतो, असे लेखक म्हणतात, तेव्हा तो रडून विनवतो की असे करू नका, सारा भरणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांची घरे माझ्याआधी उजाड झाली. हे साप वाळवून औषधात वापरले जात. दारूचा त्यात उल्लेख नाही, पण सापाच्या औषधामागे एक पकडणारा माणूस असतो, हे बाराशे वर्षांपूर्वीच कोणीतरी इतक्या पोटतिडकीने लिहून ठेवले, याचे मला अपार मोल वाटते.

सर्पसखा

बखरवाचक, हा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. आमच्याकडेही औषधाच्या आणि गुप्तधनाच्या नावाने मांडूळ विकणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांच्यात प्रत्यक्ष बिळात हात घालणारा माणूस सर्वांत गरीब असतो आणि सर्वांत आधी तोच पकडला जातो.

नाहाकर

मी काही काळ जपानच्या ओकिनावा बेटावर राहिलो आहे, म्हणून तेथील ‘हाबुशू’विषयी लिहितो. हाबू हा रयुक्यू बेटांवरचा विषारी घोणसवर्गीय साप. आवामोरी ही त्या बेटांची जुनी दारू लांब दाण्याच्या थाई तांदळावर काळी बुरशी वाढवून बनवतात आणि ऊर्ध्वपातनाने काढतात. हाबू तिच्यात मुरवतात आणि वनस्पती व मध घालून चव सौम्य करतात. तेथील परवानाधारक कारखाने सापाला आधी काही आठवडे उपाशी ठेवून त्याचे पोट रिकामे होऊ देतात, पुढे आतडी काढून मगच तो दारूत घालतात. विक्रीच्या बहुतेक बाटल्यांत साप नसतोच, फक्त गाळलेली दारू असते. हनोईच्या रस्त्यावरची बाटली आणि ही बाटली एकाच पंक्तीत बसवू नयेत, असे माझे मत आहे. निशिगंध यांनी सांगितलेला मिथेनॉलचा धोका नियमनाखालील या मद्यात जवळजवळ उरत नाही.

थोडे अवांतर, पण आपल्या देशाशी जोडलेले. हाबूचा बंदोबस्त करण्यासाठी १९१० साली प्राणिशास्त्रज्ञ वातासे शोझाबुरो यांनी गंगेच्या मुखाकडच्या प्रदेशातून मुंगसे आणून ओकिनावात सोडली. साप-मुंगसाचे वैर आपल्या म्हणींपासून मदाऱ्याच्या खेळापर्यंत सगळीकडे आहे, तीच कल्पना तेथेही कामी येईल अशी अपेक्षा होती. हाबू मुख्यतः रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडली. मुंगसांनी मग बेटावरच्या निराधार पक्ष्यांवर आणि सरड्यांवर ताव मारला. १९८१ साली शास्त्राला नव्याने कळलेला, उडू न शकणारा, पाणकोंबडीच्या कुळातला यानबारू भागातला पक्षी त्यांच्यामुळे संकटात आला. शेजारच्या आमामी बेटावरही मुंगसे सोडली होती. त्यांचा पूर्ण नायनाट झाल्याचे जपान सरकारने २०२४ साली जाहीर केले.

मृदगंध

सर्वांचे प्रतिसाद मनापासून वाचले आणि तरीही एक मतभेद नोंदवतो. आपण कोंबडी, बोकड आणि मासे खाणारी माणसे सापाचा विषय निघाला की एकदम करुणामय होतो, यात मला विसंगती दिसते. ले मातचा शेतकरी साप पाळतो, त्यावर त्याचे घर चालते. आपल्या डोळ्यांना नाग देवासमान आहे म्हणून त्याच्या डोळ्यांनाही तो तसाच असावा, हा आग्रह आपण कोणत्या अधिकाराने धरतो? उपयोग सिद्ध झालेला नाही, हा मुद्दा मला मान्य आहे. परंतु सिद्ध न झालेल्या कितीतरी काढ्यांच्या बाटल्या आपल्याही घरांत आहेत.

वैद्य नाशिककर

मृदगंध, तुमचा शेवटचा मुद्दा मला थेट लागू पडतो, म्हणून आयुर्वेदाच्या बाजूने उत्तर देतो.

आसव आणि अरिष्ट ही आपली संधानकल्पना, म्हणजे औषध आंबवून मुरवण्याची पद्धत. त्यांत साधारण पाच ते दहा टक्के मद्यांश आपोआप तयार होतो आणि द्रव्ये जवळजवळ सर्व वनस्पतिज असतात. गोव्यात काजूच्या फेणीत अनंतमूळ घालून दुकशिरी फेणी करतात, तीही मुळीचीच. प्राणिज द्रव्य असलेला ठळक अपवाद म्हणजे भैषज्यरत्नावली या आयुर्वेदिक ग्रंथातील मृगमदासव. त्यात मृतसंजीवनी सुरा या औषधी मद्यात मध, मिरी, लवंग यांच्याबरोबर कस्तुरी घालून बंद भांड्यात मुरवतात आणि ते विषूचिका (पटकीसारखे जुलाब-उलट्या), हिक्का (उचकी) व सन्निपातज्वर (तिन्ही दोषांच्या प्रकोपाचा ताप) यांत सांगितले आहे. म्हणजे तयार मद्यात प्राणिज द्रव्य मुरवण्याची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

पण पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कस्तुरीसाठी नर कस्तुरीमृग मारला जात असे आणि हिमालयातील त्यांची संख्या त्यामुळेच घटली. आज तो कायद्याने पूर्ण संरक्षित आहे आणि माझ्या ओळखीतील एकही वैद्य खरी कस्तुरी वापरत नाही. त्यावाचून आमची चिकित्सा अडलेली नाही. परंपरेत एखादे द्रव्य सांगितले आहे, एवढ्याने ते आजही वापरलेच पाहिजे असे होत नाही. परंपरा जिवंत असेल तर ती आपली द्रव्ये बदलू शकते, आणि चीनमधील वैद्यांकडूनही मी हीच अपेक्षा ठेवतो.

रानहळद

मृदगंध यांच्या प्रश्नाला माझे उत्तर वाघ हे आहे.

साप पाळता येतो, म्हणून त्याची चर्चा शेतीसारखी करता येते, हे क्षणभर मान्य करू. पण याच औषधी मद्यांच्या कुळात वाघाच्या हाडांची दारू आहे. सबंध सांगाडा तांदळाच्या दारूत मुरवायचा आणि ती हाडे बळकट करणारी म्हणून विकायची, अशी ती पद्धत. चीनने १९९३ साली वाघाच्या हाडांच्या व्यापारावर बंदी घातली. त्याच वर्षी दिल्लीत एकाच कारवाईत २८७ किलो वाघाची हाडे पकडली गेली. आपल्या जंगलातला वाघ कुठल्या दिशेने चालला आहे, हे त्या वेळी साऱ्या देशाला कळले. राजस्थानातील सरिस्का २००५ पर्यंत वाघांवाचून रिकामे झाले. मेळघाटच्या जंगलात गस्तीवर असताना वनरक्षकांनी पालापाचोळ्याखाली लोखंडी सापळे शोधून काढले आहेत आणि त्या सापळ्यांची साखळी सीमेपलीकडच्या मागणीपर्यंत जाते.

चीनमध्ये पिंजऱ्यात हजारो वाघ पाळलेले आहेत आणि पाळीव वाघाच्या हाडांमुळे रानातला वाघ वाचेल, असा युक्तिवाद केला जातो. २०१८ साली तेथील सरकारने बंदी शिथिल करण्याचे जाहीर केले आणि जगभरातून विरोध झाल्यावर काही आठवड्यांतच तो निर्णय पुढे ढकलला. पाळलेल्या वाघाला वर्षानुवर्षे खाऊ घालावे लागते, रानातल्या वाघाला एक सापळा पुरतो, आणि गिऱ्हाईक रानातल्यालाच अधिक गुणकारी मानते. शेतीमुळे मागणी भागत नाही, उलट तिला प्रतिष्ठा मिळते. नागाच्या बाबतीतही, पाळलेला कोणता आणि शिवारातून पकडलेला कोणता, हे बाटलीकडे पाहून ओळखता येत नाही.

मृदगंध

रानहळद, वाघाच्या बाबतीत माझा काहीही आक्षेप नाही. सापाच्या बाबतीतही पाळलेला आणि पकडलेला वेगळा ओळखता येत नाही, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पाळणाऱ्याच्या उपजीविकेविषयीची माझी आस्था मात्र कायम आहे.

हनोईस्थित

त्या उपजीविकेला दुसरीही वाट आहे, हे सांगितले पाहिजे. मेकाँगच्या मुखाजवळ ‘मी थो’ नावाच्या शहरापाशी दाँग ताम येथे लष्कराने चालवलेले सर्पकेंद्र आहे. तेथे साप पाळून त्यांचे विष काढतात आणि सर्पदंशावर उपचार करतात. साप पाळण्याचे कौशल्य तेच, उपयोग मात्र निराळा.

सर्पसखा

परळच्या हाफकिन संस्थेने आपल्याकडे हेच काम किती पिढ्या केले! सापापासून औषध मिळते, हे वाक्य शंभर टक्के खरे आहे, आणि ते औषध म्हणजे सापाचे विष टोचलेल्या घोड्याच्या रक्तातून तयार केलेले प्रतिसर्पविष. सर्पदंश झालेल्या माणसाला ते मिळताच त्याचा श्वास परत येताना ज्याने पाहिला आहे, त्याला बाटलीतल्या नागाचे महत्त्व कोणी पटवू शकणार नाही.

आगावे

मी मेक्सिकोत शिकत असताना ओआहाकाच्या परिसरात फिरले आहे. मेस्काल ही तेथील आगावे या घायपात वनस्पतीची दारू, आणि तिच्या काही बाटल्यांत एक अळी असते. ही फार प्राचीन रीत आहे असे पर्यटकांना सांगतात, पण ती विसाव्या शतकाच्या मध्यास विक्रीसाठी सुरू झालेली क्लृप्ती आहे. टकिलात अळी नसते, तिचे नियम ते होऊ देत नाहीत. या अळ्यांचे जनुकीय परीक्षण करून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासलेल्या सगळ्या अळ्या आगावेत वाढणाऱ्या एकाच पतंगाच्या निघाल्या. मागणी वाढल्यामुळे त्या रानातून बेसुमार गोळा केल्या जातात, ही तेथील संशोधकांची चिंता आहे.

याउलट तेथील ‘पेचुगा’ मेस्काल खरोखर गावची रीत आहे. तिसऱ्या ऊर्ध्वपातनाच्या वेळी भट्टीच्या भांड्यात रानफळे आणि मसाले घालतात, वाफेच्या वाटेवर कोंबडीचा किंवा टर्कीचा कच्चा तुकडा टांगतात आणि लग्नाकार्यासाठी ती दारू राखून ठेवतात. बाटलीत मांस दिसत नाही. हाबुशूविषयी नाहाकर यांनी जे लिहिले तेच मला येथेही जाणवले. जी रीत घरच्यांसाठी असते, तिला प्राणी काचेतून दाखवण्याची गरज पडत नाही.

न्यायरेखा

भारतात आणण्याच्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही, म्हणून लिहिते. मी वकिली करते.

वन्य प्राणी आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात, म्हणजे साइट्समध्ये, भारत १९७६ पासून आणि व्हिएतनाम १९९४ पासून सहभागी आहे. व्हिएतनामी नाग, नागराज आणि आपली धामण हे सर्व त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. टोके पाल २०१९ साली त्यात आली आणि समुद्रघोडे २००४ पासून त्यात आहेत. समुद्रघोडा तर भारतात २००१ साली वाघाच्याच अनुसूचीत आला. या यादीतील प्राणी, मेलेला असो वा बाटलीत असो, देशाबाहेर न्यायचा तर निर्यातीचा परवाना लागतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने या कराराचे स्वतंत्र प्रकरण घातले आहे आणि ते २०२३ पासून लागू आहे. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य आणण्याची जी मुभा आहे, ती मद्यातल्या प्राण्याला लागू होत नाही. दुकानदाराने दिलेली पावती किंवा शिक्का म्हणजे परवाना नव्हे. सर्पसखा म्हणतात त्याप्रमाणे आतला साप नाग नसून बिनविषारी असला, तरी विमानतळावर ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल. माझा सल्ला अगदी स्पष्ट आहे, की अशी बाटली सामानात ठेवू नये.

चाफेकळी

एक शंका आहे. आधीच कोणाच्या घरी अशी बाटली भेट म्हणून आलेली असेल तर तिचे काय करावे?

न्यायरेखा

ती विकू नये, कोणाला भेट देऊ नये आणि समाजमाध्यमांवर मिरवू नये. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी कळवून त्यांच्या स्वाधीन करणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

निशिगंध

आणि ती उघडून चाखू नये, हे माझ्याकडून. संग्रहालयात साप टिकवताना तो आधी फॉर्मलिनमध्ये पक्का करून मग सुमारे सत्तर टक्के अल्कोहोलात ठेवतात. पिण्याच्या दारूत इतका मद्यांश नसतो, त्यामुळे मोठ्या सापाच्या पोटातला भाग आतून कुजू शकतो. वरून दारू स्वच्छ दिसली म्हणून आत सर्व ठीक आहे असे समजू नये.

पाऊलवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कायदा आणि आरोग्य या दोन्ही कारणांनी बाटली आणायची नाही, हे माझ्यापुरते ठरले. आता मामांना समजावण्याचे काम उरले आहे. नुसता नकार त्यांच्या मनाला लागेल, कारण त्यांना वेदना खरोखर आहेत आणि बरीच औषधे करून ते थकले आहेत. ही दारू घेतल्यावर बरे वाटल्याचे सांगणारे लोक खोटे बोलतात का, असा प्रश्न त्यांनी विचारला तर मी काय सांगावे?

निशिगंध

ते खोटे बोलत नाहीत, असे त्यांना जरूर सांगा. मद्याने वेदनेची जाणीव काही काळ बोथट होते, अंगात ऊब आल्यासारखी वाटते, आणि सांधेदुखी स्वभावतःच कमीजास्त होत राहते. ती वाढलेली असताना औषध घेतले की ओसरण्याचे श्रेय त्या औषधाला मिळते. मामांचे वय आणि आधीची औषधे पाहता मद्य त्यांना अपायकारक ठरू शकते. वेदनाशामक गोळ्यांबरोबर मद्य घेतल्यास जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हे त्यांना नीट समजावून सांगा. त्यांचा त्रास झिजेचा आहे की संधिवाताचा, याचे निदान संधिवाततज्ज्ञांकडून एकदा करून घ्या, कारण दोहोंचे उपचार निराळे आहेत. झिजेचा असेल तर मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या नियमित व्यायामाने गुडघ्याला बराच आराम पडतो.

वैद्य नाशिककर

पूर्ण सहमत. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर तेही निदानानंतर आणि चालू औषधांची माहिती देऊनच घ्यावेत.

हनोईस्थित

पाऊलवाट, हनोईला याल तेव्हा साधी तांदळाची दारू परवानाधारक दुकानातून, मोहोरबंद बाटलीतली घ्या. रस्त्यावर कोणी पेला पुढे केला तर नम्रपणे नकार द्या. मध्य पठारावर जाणार असाल तर तेथील आदिवासी समाजांची ‘रुओउ कान’ अवश्य पाहा. मातीच्या रांजणात आंबवलेल्या भाताची ही सौम्य दारू सगळे मिळून लांब नळ्यांनी पितात आणि तिच्यात कोणताही प्राणी नसतो. मामांसाठी काही न्यायचेच असेल तर उत्तरेकडच्या डोंगरातली दालचिनी किंवा कमळाच्या फुलांत मुरवलेला चहा न्या. दोन्ही वस्तू बंद पाकिटात मिळतात.